एक मेगाहर्ट्झ विरुद्ध साडेतीन
प्रोसेसरची पारख : लेखांक ६

प्रोसेसर विकत घ्यायला गेलात की दुकानदार सगळ्यात आधी घड्याळाचा वेग सांगतो: इतके मेगाहर्ट्झ, इतके गिगाहर्ट्झ. चिपच्या आत सेकंदाला किती ठोके पडतात त्याचा हा आकडा. त्यावर कितपत विसंबावं, हे नीट समजायला पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन चिप्सइतकं चांगलं उदाहरण नाही. एक एमओएस टेक्नॉलॉजीची ६५०२ आणि दुसरी झायलॉगची झेड८०. दोन्ही आठ बिटांच्या, दोन्हींना चाळीस पिना, दोन्ही पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या, दोन्ही ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी हाताळणाऱ्या. ‘ॲपल टू’मध्ये ६५०२ एका मेगाहर्ट्झच्या किंचित वर चालायची. सिंक्लेअर कंपनीच्या ‘स्पेक्ट्रम’मध्ये झेड८० साडेतीन मेगाहर्ट्झवर चालायची. नुसता आकडा पाहिला तर झेड८० साडेतीनपट वेगवान ठरते. प्रत्यक्षात तसं नव्हतं, आणि ते का नव्हतं यातच प्रोसेसरची निम्मी पारख आहे.

६५०२ चा जन्म किमतीच्या हट्टातून झाला. चक पेडल आणि त्यांचे सहकारी मोटोरोलात ६८०० या चिपवर काम करत होते. पेडल गिऱ्हाइकांकडे जायचे, तेव्हा चिप सगळ्यांना आवडायची आणि किंमत ऐकली की बोलणं थांबायचं. स्वस्त चिप काढण्यात मोटोरोलाला रस नव्हता, म्हणून ही मंडळी १९७४ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजीत आली. जे नसलं तरी भागेल ते सगळं त्यांनी काढून टाकलं. उरले सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर. चिप जितकी लहान, तितक्या सिलिकॉनच्या एका चकतीवर जास्त बसतात आणि खराब निघण्याचं प्रमाणही कमी होतं. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘वेस्कॉन’ प्रदर्शनाच्या वेळी ती पंचवीस डॉलरला विकायला ठेवली गेली. प्रदर्शनाच्या आवारात थेट विक्रीला परवानगी नव्हती, तेव्हा हॉटेलच्या खोलीत चिप्सनी भरलेली बरणी ठेवून विक्री झाली. बरणीतल्या खालच्या बऱ्याच चिप्स बिघडलेल्या होत्या, माल भरपूर तयार आहे असं दिसावं म्हणून भरलेल्या, हे पेडल यांनी नंतर स्वतःच सांगितलं. तिथून चिप घेणाऱ्यांत पुढे ॲपल टू घडवणारे स्टीव्ह वॉझ्नियाक होते. मोटोरोलाला त्याच वर्षी ६८०० ची किंमत ६९ डॉलरवर आणावी लागली.

झेड८० ची वाट अगदी उलटी. इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे ४००४ वर, आणि पुढे ८०८० वर काम केलेले फेडेरिको फॅजिन १९७४ मध्ये इंटेल सोडून बाहेर पडले आणि राल्फ उंगरमन यांच्यासोबत त्यांनी झायलॉग काढली. इंटेलमधले त्यांचे सहकारी मासातोशी शिमा त्यांना येऊन मिळाले. १९७६ मध्ये आलेल्या झेड८० मध्ये त्यांनी काही कमी केलं नाही, भरच घातली. ८०८० वर चालणारे प्रोग्रॅम तिच्यावर जवळपास जसेच्या तसे चालत. वर नवे आदेश, रजिस्टरांचा (चिपच्याच आत आकडे ठेवायच्या जागांचा) दुसरा अख्खा संच, असं करत ट्रान्झिस्टर साडेआठ हजारांच्या घरात गेले. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ज्यांनी ८०८५ चं किट हाताळलं असेल, त्यांना झेड८० ओळखीची वाटेल. बी-सी, डी-ई, एच-एल या रजिस्टरांच्या जोड्या त्याच, कारण दोघी ८०८० च्याच घरातल्या.

६५०२ मध्ये मात्र हिशेबाला एकच रजिस्टर, आणि मोजणीला एक्स आणि वाय ही दोन. एवढ्यावर भागणार कसं? त्यावर तोड अशी की मेमरीतले पहिले २५६ बाइट, म्हणजे ‘शून्य पान’, झटपट गाठता यावेत अशी सोय केली. झेड८० च्या ओट्यावर सगळे डबे मांडलेले असतात. ६५०२ च्या ओट्यावर जागा नाही, पण फडताळाचा पहिला कप्पा हाताच्या अंतरावर आहे.

आता प्रत्यक्ष मोजून पाहू. मेमरीतल्या दोन आठ बिटी संख्या घ्यायच्या, बेरीज करायची आणि उत्तर परत मेमरीत ठेवायचं. ६५०२ ला हातचा पुसायला २ ठोके, पहिली संख्या शून्य पानातून आणायला ३, दुसरी मिळवायला ३, उत्तर ठेवायला ३. एकूण ११ ठोके, म्हणजे एका मेगाहर्ट्झला ११ मायक्रोसेकंद. झेड८० ला पहिली संख्या आणायला १३, दुसरीचा पत्ता एच-एल जोडीत भरायला १०, मिळवायला ७, ठेवायला १३. एकूण ४३ ठोके. साडेतीन मेगाहर्ट्झला हे सव्वाबारा मायक्रोसेकंद झाले. साडेतीनपट घड्याळ असूनही झेड८० किंचित मागेच राहिली.

काम बदललं की निकालही बदलतो. मेमरीतला एक ठोकळा एका जागेवरून दुसरीकडे हलवायचा असेल तर झेड८० ला एकच आदेश पुरतो आणि एका बाइटला २१ ठोके, म्हणजे ६ मायक्रोसेकंद लागतात. ६५०२ ला आण, ठेव, मोज, परत फिर असं छोटं चक्र लिहावं लागतं, त्याचे १४ ठोके आणि १४ मायक्रोसेकंद. सोळा बिटी बेरीज, आकडे आधीच रजिस्टरांत असतील तर, झेड८० ११ ठोक्यांत उरकते. शून्य पानातून हीच बेरीज करायला ६५०२ ला २० मायक्रोसेकंद लागतात. तेव्हा ‘जास्त वेगवान कोणती’ हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या कामाला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मग झायलॉगने इतके ठोके का खर्च केले? झेड८० ला साधा आदेश वाचायलाही चार ठोके लागतात, कारण तिने एकेक काम लहान लहान पावलांत वाटून घेतलं आहे. ६५०२ प्रत्येक ठोक्याला मेमरीला हात लावते. त्या काळी खरी अडचण मेमरीच्या वेगाची होती. एका मेगाहर्ट्झच्या ६५०२ ला जी मेमरी पुरते, साधारण तसलीच मेमरी अडीच-तीन मेगाहर्ट्झच्या झेड८० ला पुरते. त्यामुळे दोघींचे ठोके शेजारी शेजारी मांडणं हीच मुळात चूक आहे.

मेमरीवरूनच यंत्राच्या एकूण खर्चाकडे वळावं लागतं. स्वस्त मेमरी, म्हणजे डायनॅमिक रॅम, दर काही मिलिसेकंदांनी चाळवली नाही तर तिच्यातली माहिती उडते. झेड८० ने ती सोय चिपमध्येच बसवली. एका वेगळ्या रजिस्टराने आदेश वाचता वाचता मेमरीच्या ओळी चाळवत राहायचं. शिवाय ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज आणि सोबतीला दोन जादा चिप्स लागत, त्यांचाही खर्च वाचला. ६५०२ मध्ये असं काही नव्हतं. पण ती ठोक्याच्या अर्ध्याच भागात मेमरी वापरते, हे वॉझ्नियाक यांनी हेरलं. उरलेल्या अर्ध्या भागात ॲपल टूची पडद्याची यंत्रणा मेमरी वाचायची, आणि त्या वाचण्यानेच मेमरी आपोआप चाळवली जायची. मला या दोन उत्तरांत दुसरं जास्त आवडतं, पण त्याला वॉझ्नियाक लागतो. झेड८० च्या बाबतीत साधारण कसबाच्या इंजिनिअरलाही चालतं यंत्र स्वस्तात उभं करता यायचं, आणि वैशिष्ट्यांच्या यादीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट होती.

आणि शेवटी सॉफ्टवेअर. १९८० च्या सुमारास कचेरीत संगणक घेणाऱ्याला मजकूर लिहिण्यासाठी वर्डस्टार हवं असायचं. ते गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीवर चालायचं, आणि सीपी/एम ८०८० साठी लिहिलेली, म्हणजे झेड८० वर बिनदिक्कत चालणारी. ६५०२ वर ती चालूच शकत नव्हती. म्हणून १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सॉफ्टकार्ड’ काढलं. ॲपल टूमध्ये खोचायचं कार्ड, आणि त्यावर एक अख्खी झेड८० चिप! लोकांनी ते हौसेने घेतलं. एकाच पेटीत दोन्ही चिप्स बसवायला लोक पैसे मोजत होते, ते वर्डस्टारसारख्या कामाच्या प्रोग्रॅमसाठी. माझं मत विचाराल तर त्या वर्षी दुकानाच्या हिशेबासाठी झेड८० चं यंत्र घेणंच शहाणपणाचं होतं. घरात मुलांनी खेळावं, शिकावं म्हणून घ्यायचं तर ६५०२.

शिकण्याच्या बाजूचा धागा आपल्याकडेही येतो. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये जे बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांत २ मेगाहर्ट्झची ६५०२ होती. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या काही वाचकांनी पहिली बेसिक आज्ञा त्यावरच टंकली असेल. हे यंत्र घडवणाऱ्या एकॉर्न कंपनीच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना पुढची चिप हवी होती. बाजारातल्या सोळा बिटी चिप्स मेमरीचा वेग पुरता वापरत नाहीत, ही त्यांची तक्रार होती, आणि ६५०२ वर हात बसलेल्यांना ती जाणवणारच. ६५०२ घडवणाऱ्यांपैकी बिल मेन्श यांच्या फीनिक्समधल्या छोट्याशा कचेरीला भेट दिल्यावर, मोजक्या माणसांनाही प्रोसेसर घडवता येतो अशी त्यांची खात्री पटली. एप्रिल १९८५ मध्ये त्यांची चिप चालू झाली. तिचं नाव एआरएम. तुमच्या मोबाइलमध्ये आज तिचेच वंशज आहेत.

झायलॉगने झेड८० च्या सुट्या चिपची मागणी घेणं जून २०२४ मध्ये थांबवलं, म्हणजे ती अठ्ठेचाळीस वर्षं विकली गेली. मेन्श यांची कंपनी ६५०२ ची सुधारित आवृत्ती अजूनही विकते, १४ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारी. पुढच्या लेखांकात इंटेलची ८०८८ आणि मोटोरोलाची ६८०००: आयबीएमने आपल्या १९८१ च्या पीसीसाठी कागदावर दुबळी दिसणारी चिप का उचलली, ते पाहू.