घर घेताना टाळायचे काय? बदनाम भाग की बाधित भूखंड

मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो भागांच्या नावांचा. अमुक स्टेशनच्या पूर्वेला नको, तमुक पुलापलीकडे नको. सल्ला देणारे हितचिंतकच असतात, पण त्यांच्या मनातला नकाशा बहुधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असतो. त्या नकाशात पूररेषा नसते, विकास आराखड्यातली आरक्षणे नसतात, विमानतळाची उंचीमर्यादा नसते. गेल्या काही वर्षांत घर घेणाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी बुडाली ती मात्र प्रामुख्याने अशाच गोष्टींपायी.

भागाची प्रतिमा बदलायला एक पिढी पुरते. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा लोअर परळ हा उतरती कळा लागलेला कामगारांचा भाग होता. आज तिथल्या टॉवरमधले घर मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर आहे. ठाण्याजवळच्या मुंब्य्राची गोष्ट वेगळी. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे तिथे राहायला गेली, आणि तेव्हापासून या गावाचे नाव अनेक घरांत भीतीनेच घेतले जाते. पण मुंब्य्रातला मोठा धोका धर्माचा किंवा गुन्हेगारीचा नव्हता, बांधकामाचा होता. 4 एप्रिल 2013 रोजी तिथल्या लकी कंपाऊंडमधली बेकायदा इमारत कोसळून 74 जणांचा जीव गेला. शेजारी कोण राहतात, ते काय खातात, यावरून भाग टाळणाऱ्याला या धोक्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून असा निकष अन्यायाचा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

महागडा भाग म्हणजे निर्धोक भाग, ही याच समजुतीची दुसरी बाजू. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात 1980 च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना इमारती कितीतरी उंच गेल्या. महापालिकेची कारवाई 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली आणि पैसे मोजून घर घेतलेल्या कुटुंबांचे वरचे मजले बेकायदा ठरले. पत्ता वरळीचा असल्याने त्यात काही फरक पडला नाही.

पाण्याबाबतचे गैरसमज सर्वांत घातक. ‘इतकी वर्षे इथे पाणी आले नाही’ हे वाक्य विक्रेत्याकडून हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात जलसंपदा विभागाच्या आखणीत निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध असतो. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येते, त्यामुळे तिथली इमारत कायदेशीर असूनही पाण्याच्या वाटेत असू शकते. दहा-पंधरा वर्षांच्या आठवणीवर 25 वर्षांच्या पुराचा अंदाज बांधता येत नाही.

पुण्यात 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, तो पूर सर्वांना माहीत आहे. पण 25 जुलै 2024 ला कोणतेही धरण फुटले नव्हते. खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरले. नदीपासून दूर म्हणजे सुरक्षित, हेही खरे नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मुठा नदीने नव्हे, तर कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीचा परिसर उद्ध्वस्त केला. ओढ्याचे पात्र अरुंद केले, वळवले, त्यावर भिंती घातल्या, तरी मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधते. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने तेच दाखवून दिले. वरच्या मजल्यावर घर घेतले की प्रश्न मिटला, असेही नसते. मीटरची खोली, पाण्याचे पंप, लिफ्टची यंत्रणा आणि गाड्या खालीच असतात.

कागदांबाबत सर्वाधिक भरवसा ठेवला जातो तो महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या नोंदणी क्रमांकावर. 1 मे 2017 पासून आलेल्या या व्यवस्थेने ग्राहकाला खरेच बळ दिले. प्रकल्पाची माहिती उघड झाली, ग्राहकांच्या पैशातला 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. पण नोंदणी म्हणजे जागेच्या मालकीची किंवा बांधकाम परवानगीची हमी नव्हे. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा तिथे कुटुंबे राहत होती. नालासोपारा पूर्वेला 41 इमारती क्षेपणभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर उभ्या राहिल्या होत्या. 2024 च्या अखेरीपासून त्या न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. त्या भागाचा विकास आराखडा पाहिला असता तर आरक्षण दिसले असते. परवानगीची प्रत थेट महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळली असती तर बनावटपणाही उघड झाला असता. ही दोन कामे काही दिवसांची आहेत, आणि घर घेताना बहुतेक जण नेमकी तीच टाळतात.

मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि नोंदणीकृत खरेदीखत हातात असले की घर अधिकृत, हा समजही तितकाच खोलवर रुजलेला आहे. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर घेते, उलट त्यावर शास्ती लावते, आणि त्याने ते बांधकाम नियमित होत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, विकणाऱ्याच्या मालकी हक्काची ग्वाही देत नाही. बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का, ते पाहतो. इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत पुरावा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र.

‘इथून रस्ता जाणार आहे’ या आश्वासनावर फार विसंबू नये. पुण्याच्या 1987 च्या विकास आराखड्यातला उच्च क्षमतेचा वर्तुळमार्ग अजून कागदावरच आहे. डोळ्यांना न दिसणारी बंधनेही तपासावीत. मुंबईत विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथे विमानतळाच्या फनेल क्षेत्रात, म्हणजे विमानांच्या ये-जा करण्याच्या मार्गाखाली, इमारतींच्या उंचीवर मर्यादा असल्याने अनेक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास रखडला आहे. तिथे जुने घर स्वस्त मिळाले, तर त्याचे कारण या मर्यादेतही शोधावे.

महापालिकेच्या हद्दीत आले म्हणजे नळाला पाणी आले, असेही होत नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली, पण त्यांपैकी अनेक ठिकाणच्या सोसायट्या वर्षानुवर्षे टँकरवर जगत आल्या. जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. सोसायटीचे मागच्या उन्हाळ्यातले टँकरचे बिल, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल, आणि जुलैतल्या मुसळधार पावसात तळमजल्याची अवस्था, या तीन गोष्टी भागाच्या नावापेक्षा अधिक सांगतात. सोसायटीचा चिटणीस त्या दाखवायला तयार नसेल, तर ते घर घेऊ नये.