बसणाऱ्यांच्या मालकीची जागा

कोल्हापुरात चारचा सामना सहाच्या सुमारास सुटतो. राजर्षी शाहू स्टेडियमच्या दारांतून बाहेर पडलेली पोरं थेट घरी जात नाहीत. मंगळवार पेठेतली पाटाकडील तालमीकडे वळतात, शिवाजी पेठेतली खंडोबा तालमीकडे, रविवार पेठेतली दिलबहारकडे. तालमीच्या दारात गाड्या लागतात, कट्टा भरतो आणि संपलेला सामना पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू होतो. कॉर्नरला त्यांचा माणूस मोकळा कसा राहिला, पंचांनी दिलेला ऑफसाइड खरंच होता का, गोलकीपर जागा सोडून पुढं कशाला आला. जिंकलं असेल तर गुलाल, हरलं असेल तर नुसता चहा. जागा मात्र तीच.

फुटबॉलच्या पाठीराख्यांची बसायची जागा हा या लेखाचा विषय आहे. इंग्लंडमध्ये तिला पब म्हणतात, कोल्हापुरात तालीम. आमच्या धाराशिवमध्ये अशी जागा मला दिसत नाही, आणि ती असावी असं मनापासून वाटतं. त्याकडे शेवटी येतो. आधी टॉटनहॅमची गोष्ट सांगायला हवी, कारण तिथल्या लोकांनी आपली बसायची जागा चक्क विकत घेतली.

उत्तर लंडनमधलं टॉटनहॅम फुटबॉलवाल्यांना माहीत असतं ते टॉटनहॅम हॉटस्परमुळे. १८८२ मध्ये शाळकरी पोरांनी काढलेला हा संघ. सुरुवातीची वर्षं तो आज इथे, उद्या तिथे असा खेळला. १८९९ मध्ये त्याला कायमचं मैदान मिळालं, आणि ते मिळालं एका दारूभट्टीच्या मालकाकडून. हाय रोडवर व्हाइट हार्ट नावाचा पब होता. त्याच्या मागे रोपवाटिकेची पडीक जमीन होती आणि ती चॅरिंग्टन या बिअर कंपनीच्या ताब्यात होती. कंपनीला तिथे घरं बांधायची होती. क्लबने जागा मागितली. दर शनिवारी हजारो माणसं दारात येतील, तर पबचा गल्ला भरेल, हा हिशेब दोन्ही बाजूंना कळला. ४ सप्टेंबर १८९९ ला नॉट्स काउंटीविरुद्धचा पहिला सामना हॉटस्परने तिथे ४-१ असा जिंकला. जुनं स्टेडियम २०१७ मध्ये पाडलं गेलं. त्याच ठिकाणी २०१९ मध्ये उभं राहिलेलं नवं स्टेडियम ६२,८५० प्रेक्षकांचं आहे.

इंग्लिश फुटबॉलचा जन्मदाखला पाहिला तर जागोजाग पबचा पत्ता सापडतो. २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या काही आठवड्यांच्या बैठकांत खेळाचे नियम ठरले. लिव्हरपूलमध्ये सेंट डोमिंगो या चर्चच्या संघाने १८७९ मध्ये एव्हर्टन हे नाव घेतलं, तेही क्वीन्स हेड या हॉटेलात. वूलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांनी आपल्या संघाला रॉयल आर्सेनल म्हणायचं ठरवलं ते १८८६ च्या नाताळच्या दिवशी, रॉयल ओक नावाच्या पबात. कामगाराच्या घरात दहा माणसं बसतील एवढी खोली नव्हती. क्लबाकडे कचेरी नव्हती. मग बैठक भरायची कुठे? जिथे दार उघडं आहे, शेकोटी आहे आणि मालक ओळखीचा आहे तिथे.

पण मालक ओळखीचा असला तरी तो मालकच. जॉन हौल्डिंगचं उदाहरण यासाठी मला फार बोलकं वाटतं. हा लिव्हरपूलचा बिअर उत्पादक आणि राजकारणी. अॅनफिल्ड मैदानाजवळचं सँडन हॉटेल त्याचं. १८८४ पासून एव्हर्टन अॅनफिल्डवर खेळू लागलं. खेळाडू कपडे बदलायचे सँडनमध्ये, बैठका सँडनमध्ये, मैदानावर खाणंपिणं विकायचा हक्कही हौल्डिंगचाच. काही वर्षांत मैदानाचं भाडं १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेलं. सभासद बिथरले. १८९२ मध्ये एव्हर्टन अॅनफिल्ड सोडून गुडिसन पार्कवर गेलं. हौल्डिंगकडे मैदान उरलं, पब उरला, संघ उरला नाही. म्हणून त्याने नवाच संघ काढला, त्याचं नाव लिव्हरपूल. आज जगभर कोट्यवधी लोक ज्या क्लबासाठी रात्र जागवतात तो भाडेकरू आणि मालकाच्या भांडणातून जन्मला.

विसाव्या शतकात पब आणि मालक यांच्यातलं अंतर वाढतच गेलं. बहुतेक पब बिअर कंपन्यांच्या मालकीचे. चालवणारा भाडेकरू, आणि त्याने बिअर त्याच कंपनीची घ्यायची अशी अट. १९८९ मध्ये सरकारने कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या पबांवर मर्यादा आणली. हेतू असा की ग्राहकाला निवड मिळावी. झालं असं की कंपन्यांनी हजारो पब विकले, आणि ते फक्त इमारती व भाडी सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांच्या हातात गेले. या कंपन्यांना बिअर बनवायची नव्हती, फुटबॉलशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या वहीत पब म्हणजे मोक्याचा भूखंड. लंडनमध्ये जमिनीचे भाव चढले तसा हिशेब सोपा झाला: बिअरचे पिंप रोज विकण्यापेक्षा वर चार मजले चढवून सदनिका एकदाच विकाव्यात. २००७ मध्ये पबात धूम्रपानाला बंदी आली, सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली, टीव्हीवर सामने घरी दिसू लागले. दारं भराभर बंद होत गेली.

टॉटनहॅमच्या चर्च रोडवर ब्रूस कॅसल पार्कला लागून अँटवर्प आर्म्स हा पब आहे. एकोणिसाव्या शतकातला, त्या भागातल्या सर्वांत जुन्या पबांपैकी एक. स्टेडियमपासून पायी जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे सामन्याच्या दिवशी हॉटस्परचे पाठीराखे इथे येणार हे ठरलेलं. एरवी आसपासच्या चाळीसारख्या घरांतले म्हातारे, कामावरून सुटलेले लोक. हा पबही विकासकाच्या हाती गेला, आणि तिथे घरं उठायची वेळ आली.

इथे २०११ चा एक कायदा कामी आला. त्याचं नाव लोकॅलिझम अॅक्ट. गावातल्या किंवा वस्तीतल्या लोकांना एखादी इमारत समाजाच्या दृष्टीने मोलाची वाटत असेल तर ते ती स्थानिक परिषदेच्या यादीत नोंदवून घेऊ शकतात. मग मालकाने ती विकायला काढली आणि लोकांनी बोली लावायची इच्छा कळवली, तर मालकाला सहा महिने थांबावं लागतं. एवढाच हक्क. मालकाने लोकांनाच विकलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पैसे देत नाही, किंमत ठरवत नाही. फक्त वेळ देतो. मला यातली ही मर्यादाच आवडते. सरकारने वस्तीसाठी पब वाचवला नाही. वस्तीला धडपड करायला सवड दिली. अशा यादीत आलेला इंग्लंडमधला पहिला पब दक्षिण लंडनमधला आयव्ही हाऊस. २०१३ मध्ये ३७१ भागधारकांनी मिळून तो घेतला आणि पुन्हा उघडला.

टॉटनहॅमच्या लोकांनी तोच रस्ता धरला. संस्था नोंदवली, भाग विकले, घरोघर जाऊन पैसे जमवले, अनुदान आणि कर्जासाठी कागद रंगवले. २०१५ मध्ये अँटवर्प आर्म्स वस्तीच्या मालकीचा झाला. अशा संस्थांत नियम साधा असतो: कुणाचे भाग दहा असोत की हजार, मत एकच. मालक बदलला तो असा. गल्ल्यापलीकडे उभा राहणारा कर्मचारी पगारी, आणि गल्ल्याच्या अलीकडे बसलेला माणूस मालक. पुढे करोनाच्या काळात याच पबच्या स्वयंपाकघरात वस्तीतल्या गरजू कुटुंबांसाठी जेवण शिजलं. भाड्याच्या हिशेबावर चालणाऱ्या पबाला हे सुचलं असतं का, मला शंका आहे.

आता पुन्हा कोल्हापूर. तिथली तालीम कुणी कधी विकायला काढली नाही, कारण ती कुणा एकाची नव्हतीच. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला जो आश्रय मिळाला, १९१२ चं खासबाग मैदान ज्याची आजही साक्ष देतं, त्याने पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, भिंतीला गदा, उंबऱ्याबाहेर दगडी कट्टा. पेठेतला मुलगा मातीत उतरायचा आणि उतरायचं वय संपलं की कट्ट्यावर बसायचा. फुटबॉल कोल्हापुरात आला तेव्हा त्याला क्लब शोधावे लागले नाहीत. तालीम होतीच. म्हणून आजही संघांची नावं पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी आहेत. हौद्यातली माती कमी झाली, कपाटात चषक वाढले, कट्टा राहिला. हीच मंडळी गणपतीत मांडव घालतात, पूर आला की होड्या आणि जेवणाची पाकिटं घेऊन धावतात.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, लीग भरवते. हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. लीगनंतर वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेऱ्या. दोन पेठांमधला अंतिम सामना असला तर गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे राहतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. क्रिकेटने व्यापलेल्या महाराष्ट्रात एका शहराने फुटबॉल असा जपला, त्याचं श्रेय मी मैदानाइतकंच कट्ट्याला देतो.

तिथे एक शब्द सतत ऐकू येतो: ईर्षा. कोल्हापुरात तो कौतुकाने म्हणतात. पेठेच्या ईर्षेपायी पोरं सहाला उठून धावतात. त्याच ईर्षेपायी गॅलरीत दगड आणि बाटल्याही उडालेल्या आहेत, सामने थांबलेले आहेत, पोलिसांना मध्ये पडावं लागलेलं आहे. इंग्लंडने हे आपल्या पबांभोवती अनेक वर्षं भोगलं. मला यावरचा उपाय जास्त पोलिसांत दिसत नाही. ज्या कट्ट्यावर म्हातारे खेळाडू बसतात आणि पोरांना नावानिशी हाक मारून बसवतात, तिथे हुल्लडीला आवर बसतो. जिथे वडीलधारे उठून गेले, तिथे फक्त घोषणा उरतात.

आणखी एक गोष्ट खुपते. इंग्लिश पब पिढ्यान् पिढ्या पुरुषांचा होता, कोल्हापूरचा कट्टाही पुरुषांचाच आहे. शाहू स्टेडियममध्ये मुली खेळतात, पण सामना सुटल्यावर त्या कुठल्या तालमीच्या दारात बसणार? वस्तीच्या मालकीच्या पबात बायका आणि लेकरं येऊ लागतात, कारण भाग घेणाऱ्यांत, मत देणाऱ्यांत त्या असतात. मालकीचा हा परिणाम मला बिअरच्या दरापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि म्हणून धाराशिव. आमचा जिल्हा फुटबॉलचा नाही, खो-खोचा आहे. सारिका काळे इथली. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा जिंकलेल्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एवढ्या पाण्याच्या खेळाडू या दुष्काळी जिल्ह्याने दिल्या. पण सामना सुटल्यावर श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलाच्या फाटकातून माणसं पांगतात ती पांगतातच. डाव कुठे फिरला, खांबाजवळचा सूर कसा मारला, त्यात हात किती लांब गेला, यावर तासभर वाद घालायला ठरलेली जागा नाही. खेळाडू आहेत, मैदान आहे, पंच आहेत, कट्टा नाही.

तुळजाभवानीच्या जिल्ह्यात पब नको, हे मलाही मान्य आहे. कोल्हापूरच्या तालमीने दारूशिवाय शंभर वर्षं माणसं जमवून दाखवली आहेत. इथे चहाची किटली, भजी, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आणि लावलेला एक टीव्ही पुरेल. संकुलाजवळ एखादा गाळा भाड्याने घ्यावा. शंभर रुपयांचा भाग ठेवावा, परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुणालाही घेता यावा, आणि मत प्रत्येकाला एकच. पहिल्या दिवसापासून निम्म्या खुर्च्या आणि निम्मी कार्यकारिणी मुलींची, कारण या जिल्ह्याचं नाव त्यांनीच देशभर नेलं. नोंदणीसाठी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात जावं लागेल, गाळ्याची अनामत भरावी लागेल, सकाळी कुणाला तरी कुलूप उघडावं लागेल. पहिले शंभर भाग खपवायला मी माझ्या गल्लीपासून सुरुवात करायला तयार आहे.