कायद्यानंतरचे काम

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गर्भपाताच्या हक्काला दिलेले घटनात्मक संरक्षण त्याच न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी काढून घेतले. पाठोपाठ अनेक राज्यांत बंदी आली. आपल्याकडे १९७१ चा कायदा ठरावीक अटींवर गर्भपातास परवानगी देतो आणि २०२१ मध्ये त्या अटी काहीशा सैल झाल्या. तरीही गास, नंदाखाल, निर्मळ या आमच्या पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत गर्भाला आरंभापासून जीव मानतात; म्हणून हा प्रश्न आम्हांला परका नाही. गर्भपात ज्यांना नको आहे, त्यांच्या मनासारखा कायदा झाला तर त्यांचे काम संपते काय?

याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच देऊन ठेवले आहे. १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने, आईचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी केलेला गर्भपात हा गुन्हा ठरवला. स्वतः गर्भ पाडणारी स्त्रीही त्यातून सुटली नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मुभा दिली होती. उच्चवर्णीय समाजाने मात्र दिली नव्हती. पुण्यातील एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपले तान्हे मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

यावर १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे. मूल न्यावे अथवा ठेवून जावे. १८८४ साली जोतीरावांनी हिशेब मांडला : पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या, पाच मुले जगली, तीस दगावली. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच जायबंदी झाली होती. हे आकडे सावकाश वाचावेत. कायदा बावीस वर्षे जागा होता. पण बाई दारापाशी पोचण्यापूर्वीच लाजेने आपले काम उरकलेले असे.

म्हणून कायद्याच्या पुढचे काम आम्हांला असे दिसते. पहिले, आईचा जीव. बेळगावात वाढलेल्या सविता हलप्पनवार २०१२ साली आयर्लंडात वारल्या. गर्भ वाचणार नाही हे कळूनही त्यांना गर्भपात नाकारण्यात आला होता. २०१८ साली तेथील जनतेने घटनेतील बंदीच काढून टाकली. आईला न जपणाऱ्या बंदीवर लोकांचा विश्वास राहत नाही. दुसरे, मुलाला घर. २०१५ च्या कायद्याप्रमाणे मूल बालकल्याण समितीकडे सोपवता येते आणि आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. ही माहिती गावोगाव पोचली पाहिजे. तिसरे, पुरुषाची जबाबदारी; सारा दोष मुलीच्या पदरी बांधून तो मोकळा सुटता कामा नये.

चौथे काम सर्वांत अवघड, कारण ते सरकारवर ढकलता येत नाही. उद्या आमच्याच वाडीतली एखादी अविवाहित मुलगी मूल कडेवर घेऊन परतली, तर देवळात तिच्या शेजारच्या बाकावर कोण बसेल? लग्नाच्या मांडवात तिला कोण बोलावील? फुले दांपत्याने त्याच गृहात एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला दत्तक घेतले, आपले नाव दिले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करताना वारल्या. त्या कामात तो त्यांच्या सोबत होता.

गर्भातला जीव वाचवा, असे म्हणणे सोपे आहे. जन्मलेल्या जीवाला व त्याच्या आईला आपल्या पंगतीत घेण्याची तयारी असेल, तरच ते म्हणण्याचा अधिकार आम्हांला पोचतो.