गॅरेजला नळ, आणि त्याहून महाग खड्डा



मागील अंकात मनमाडच्या एका आदिवासी तरुणाच्या दुचाकी गॅरेजसाठी आम्ही मदत मागितली होती. घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो काम करतो. "नळापेक्षा खड्ड्याचाच खर्च जास्त कसा?" असे दोघातिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

पाणी आत आणणे सोपे असते. शेडवर टाकी, खाली उतरणारा पाइप, एक बंद करायचा कॉक, एक तोटी. टाकी दहा फूट उंच असली तरी दाब बेताचाच मिळतो. हात आणि सुटे भाग धुण्यास तो पुरतो. गाड्या फवाऱ्याने धुण्याचा धंदा इथे नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे. वाघदर्डी धरणाने तळ गाठला की नळाची वाट किती दिवस पाहावी लागते, हे मनमाडकरांना सांगायला नको. अशा गावात एक काळजी मात्र घ्यावीच: थेट नळाला जोडलेल्या नळीचे तोंड घाण बादलीत बुडवून ठेवू नये. पाणी गेले की पाइपातला दाब उतरतो आणि बादलीतले पाणी उलट ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते.

खरे काम पुढे आहे. गाडीचे ऑइल बदलले की लिटरभर काळे तेल निघते. त्याच्या घरामागे कूपनलिका आहे आणि चार घरे तिचेच पाणी पितात. आपल्याकडचा खडक काळा, भेगांचा. शोषखड्डा सांडपाण्याला चांगला, पण त्यात तेल गेले तर त्याच भेगांतून ते कुठवर जाईल, सांगता येत नाही. गटारात सोडले तर ते पांझण नदीत जाणार.

म्हणून तीन कप्प्यांचा खड्डा. पहिल्यात माती बसते. तेल पाण्यावर तरंगते, म्हणून पुढच्या कप्प्यात जाणारा पाइप पृष्ठभागाच्या बराच खाली उघडतो. खालचे पाणी पुढे सरकते, वरचे तेल मागे राहते. ते वरचेवर काढून घ्यायचे. साबणाने मात्र तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते आणि खड्ड्याला चकवते. त्यामुळे सांडलेल्या तेलावर आधी लाकडाचा भुसा टाकायचा, तो झाडून वेगळा ठेवायचा आणि मगच फरशी धुवायची. जुने तेल झाकणाच्या पिंपात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. कायद्याने तो घातक कचरा आहे. पेट्रोल तर मोरीत थेंबभरही नको. त्याची वाफ हवेहून जड असते, नाल्यात साचते आणि एका ठिणगीने पेटते.

फरशीला मोरीकडे दहा फुटांत दोन-तीन इंच उतार हवा. मोरीला नहाणी ट्रॅप हवा आणि काम बंद असेल तेव्हाही आठवड्याला तांब्याभर पाणी त्यात ओतावे, नाहीतर उन्हाळ्यात ट्रॅप सुकून वास थेट घरात येतो. त्याची आई शेडला लागूनच स्वयंपाक करते.

गवंड्याने दोन कप्पे बांधले आहेत. तिसरा कप्पा आणि झाकणे पावसाळ्याआधी व्हायला हवीत, कारण उघड्या खड्ड्यात पाऊस भरला की तेल काठावरून वाहून जाते. तोवर नळ जोडायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. त्याला ते फारसे पटलेले नाही. तो अजून बादलीनेच पाणी आणतो.