मार थेंबाच्या जाडीचा, ढगाच्या उंचीचा नाही

घाटनांदूर परिसरात मृगाच्या तोंडावर एखादा वळीव कोसळून गेला की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं : “ढग लई वर होता, म्हणून थेंबाचा मार बसला.” पेरलेलं सोयाबीन दडपलं तरी हेच कारण, पत्र्यावर कडाका जास्त वाजला तरी हेच. शिकलेली माणसंही हे सांगतात आणि वर गुरुत्वाकर्षणाचा दाखला देतात. वस्तू जितक्या उंचावरून पडेल तितका तिचा वेग वाढत जाणार, असं शाळेतच शिकवलंय म्हणतात. शिकवलंय खरं, पण त्या धड्यातल्या गणितात हवेचा अडथळा धरलेला नसतो. पाऊस तर सगळा हवेतूनच येतो!

हवा नसती तर काय झालं असतं, तेही मांडून पाहू. 2 किलोमीटर उंचीवरून सुटलेला थेंब जमिनीवर सेकंदाला जवळपास 200 मीटर, म्हणजे ताशी 700 किलोमीटरच्या वेगाने आपटला असता. अशा पावसात पीकच काय, जनावरंही वाचली नसती. प्रत्यक्षात 1 मिलीमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला 4 मीटर वेगाने येतो, 2 मिलीमीटरचा साडेसहा मीटर आणि 5 मिलीमीटरचा टपोरा थेंब 9 मीटरच्या आसपास. सगळ्यात दांडगा थेंबसुद्धा ताशी 33 किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. हे आकडे अंदाजाने काढलेले नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी खालून वर वाहणाऱ्या हवेच्या झोतात थेंब तोलून धरले आणि 1904 साली निष्कर्ष छापले. पुढे अमेरिकेत गन आणि किंझर या शास्त्रज्ञांनी विद्युतभारित थेंब कड्यांमधून सोडून वेग मोजले. 1949 साली प्रसिद्ध झालेली त्यांची मापं आजही प्रमाण मानली जातात.

असं का होतं? थेंब सुटला की वेग वाढतो. वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. थोड्याच वेळात हा विरोध थेंबाच्या वजनाइतका होतो आणि मग वेग वाढायला काही कारणच उरत नाही. हा थेंबाचा अंतिम वेग. 1 मिलीमीटरचा थेंब दोनेक मीटर पडला की या वेगाच्या जवळ पोहोचतो, मोठ्या थेंबाला आठ-दहा मीटर लागतात. म्हणजे गावातल्या पाण्याच्या उंच टाकीवरून सोडलेला 5 मिलीमीटरचा थेंब आणि तीन किलोमीटर उंचीच्या ढगातून आलेला तेवढाच थेंब जमिनीला जवळपास एकाच वेगाने धडकतात. उलट वरची हवा विरळ असल्याने थेंब तिथे थोडा जास्त वेगात असतो आणि खाली येता येता जरा मंदावतो. उंचीने वेग वाढतो म्हणणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

तरीही जुन्या माणसांनी जे पाहिलं ते खोटं नाही. वळवाचा मार खरोखरच जबर असतो आणि त्याचे ढगही खरोखर उंच असतात. चूक फक्त कारण लावण्यात होते. गडगडाटी ढगाचा माथा दहा किलोमीटरच्याही वर जातो, त्यात हवेचे जोरदार प्रवाह वर चढत असतात. त्यात थेंब एकमेकांवर आदळून, मिसळून मोठे होतात, तर वर तयार झालेल्या बर्फाच्या गोळ्या उतरताना वितळून जाड थेंब बनतात. शिवाय जूनच्या आधी आपल्याकडची खालची हवा कोरडी असते. अर्ध्या मिलीमीटरचा थेंब सेकंदाला दोनच मीटर उतरतो. दोन किलोमीटर खाली यायला त्याला पाव तासाहून जास्त वेळ लागतो आणि तो वाटेतच विरून जातो. जमिनीपर्यंत पोहोचतात ते टपोरेच. ढग उंच असला की थेंब मोठा होतो, आणि मोठा थेंब वेगात येतो. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे थेंबांचे आकार यंत्राने मोजतात. घाटमाथ्यावरच्या उथळ ढगांच्या पावसात बारीक थेंबांचा भरणा मोठा असल्याचं त्या नोंदींत दिसतं. पाऊस तिथे कितीतरी जास्त, पण थेंब लहान.

हा नुसता पुस्तकी वाद नाही, म्हणून मी इतका चिडून लिहितो आहे. घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातलं महसूल मंडळ. मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. 65 मिलीमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर 65 लिटर पाणी. पण तेच पाणी 1 मिलीमीटरच्या थेंबांनी आलं की 4 मिलीमीटरच्या, हे पर्जन्यमापकाला कळत नाही. 4 मिलीमीटरचा एक थेंब म्हणजे 1 मिलीमीटरचे 64 थेंब. वजन तेवढंच, मात्र वेग दुपटीहून जास्त, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. म्हणजे मापकातला आकडा तोच राहून जमिनीवरचा मार जवळपास पाचपट होतो.

तो मार शेतात दिसतो. वळीव उघडल्यावर सोयाबीनच्या किंवा तुरीच्या रोपाची खालची पानं पाहा, त्यांच्या पाठीवर मातीचे शिंतोडे बसलेले असतात. चुन्याने रंगवलेल्या भिंतीचा गुडघ्यापर्यंतचा पट्टा मातकट झालेला असतो. एकेक थेंब ढेकूळ फोडतो, कण उडवतो. बारीक कण भेगांमध्ये बसून वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, कोंब वर येत नाही आणि बालाघाटाच्या उतारावरून गढूळ लोंढे सुटतात. यावर उपाय थेंबाला जमिनीआधीच अडवण्याचा आहे : पाचट, भुसा, काडीकचरा, लवकर जमीन झाकणारं पीक. रुंद वरंबा-सरीची पेरणी जादा पाण्याला वाट देते, पण उघड्या मातीवरचा थेंबाचा मार ती थांबवत नाही, दोन्ही लागतं. उंच झाडाखाली माती सुरक्षित, असंही समजू नका. पानांच्या टोकांवर पाणी जमून जाड थेंब बनतात, आठ-दहा मीटरवरून ते जवळपास पूर्ण वेग घेऊन पडतात. खाली गवत-झुडूप नसेल तर तिथे धूप उघड्या रानापेक्षाही जास्त होऊ शकते.

थेंबाचा आकार मोजायला यंत्रच लागतं असं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी साध्या पिठावर हे काम केलं आणि 1904 साली ते छापलं. परातीत बोटभर चाळलेलं पीठ पसरा, पावसात दोन-चार सेकंद धरून लगेच झाका. पडलेल्या थेंबांच्या गोळ्या होतात. त्या वाळवून चाळणीने वेगळ्या काढा आणि पट्टीवर मोजा. गोळीचा आकार साधारण थेंबाएवढाच असतो. वळवाचा आणि श्रावणातल्या भुरभुरीचा नमुना शेजारी शेजारी ठेवला की सांगायला काही उरत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. थेंब वर निमुळता आणि खाली गोल असतो, हे फक्त चित्रांत. लहान थेंब गोल असतो. मोठा तळाशी सपाट आणि वर फुगीर, बनपावासारखा, आणि पाच-सहा मिलीमीटरच्या पुढे बहुतेक वेळा फुटतोच. पवनचक्क्या ढग पळवतात, हाही समज बीड जिल्ह्यात ऐकू येतो. पाती जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर फिरतात, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात. ढगफुटीत ढग पिशवीसारखा फाटत नाही. लहान क्षेत्रावर तासाभरात 100 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर हवामान खातं तिला ढगफुटी म्हणतं. आणि गारांना थेंबाचा नियम जसाच्या तसा लावू नका. गार थेंबासारखी फुटत नाही, त्यामुळे ती थेंबापेक्षा कितीतरी मोठी होऊ शकते आणि तिचा वेगही वाढत जातो. 5 सेंटीमीटरची गार ताशी 70 किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने काढणीला आलेला गहू, हरभरा आणि फळबागा झोडपल्या, त्यामागे गारांचा आकार आणि वेगच होता.