वाघोलीचा खडक आणि नळाचे पाणी

पुण्याच्या पेठांत नळाला येणारे धरणाचे पाणी आणि शहराच्या पूर्वेला, नगर रस्त्यावरील वाघोलीच्या गृहसंकुलांत बोअरमधून किंवा टँकरमधून टाकीत पडणारे पाणी यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन्ही नितळ आणि दोन्ही गंधहीन असू शकतात. मात्र पहिल्यात साबणाला चटकन फेस येतो आणि तुरीची डाळ मऊ शिजते, तर दुसऱ्यात फेसाऐवजी चिकट साका जमतो, डाळ टचटचीत राहते, शॉवरची भोके बुजतात आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा कडक थर चढतो. शास्त्रीय परिभाषेत अशा पाण्याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात, सोसायटीच्या बैठकीत ते ‘जड पाणी’ असते, आणि पुष्कळदा त्यालाच ‘खराब पाणी’ ठरवून यंत्रांची खरेदी सुरू होते. ही समजूत तपासून घेणे अगत्याचे आहे, कारण जडपणा हा भूस्तराचा गुण आहे, त्याचा घाणीशी संबंध नाही, आणि वाघोलीसारखा भूस्तर जगात फार थोड्या उपनगरांच्या वाट्याला आला असेल.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे कठीणपणा; तो प्रतिलिटर किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीचा आहे, या मापाने सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) ही मर्यादा २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. बायकार्बोनेटमुळे आलेल्या कठीणपणाला तात्पुरता म्हणतात, कारण पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला कठीणपणा उकळूनही जात नाही. तात्पुरता कठीणपणा ३०० असलेले १०० लिटर पाणी रोज गिझरमधून गेले, तर त्यात ३० ग्रॅम कार्बोनेट असते. त्यातला थोडाच भाग बसला तरी वर्षभरात कॉइलची काय दशा होते हे प्लंबर मंडळी चांगले जाणतात. या थरावर लिंबाचा रस पिळला की तो फसफसतो. कार्बोनेटची ओळख पटवायला एवढे पुरते.

प्रयोगशाळेतील मोजणी मात्र पाहत राहावी अशी असते. शंकूपात्रात ५० मिलिलिटर नमुना घेऊन त्यात अमोनियाचे द्रावण आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक किंचित टाकला की पाणी द्राक्षासवासारखे लाल होते, कारण दर्शकाने कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवलेले असते. मग वरच्या ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात, ते आधी मोकळे धातू धरते आणि शेवटी दर्शकापाशी असलेलेही काढून घेते, लाल रंगात जांभळी छटा शिरते आणि अखेरच्या एका थेंबासरशी सगळे पात्र निळे होते. नेहमीच्या प्रमाणाच्या द्रावणात एक मिलिलिटर म्हणजे २० मिलिग्रॅम कठीणपणा; २० मिलिलिटर लागले तर पाणी ४०० चे. ही पद्धत गेरोल्ड श्वार्झेनबाख या स्विस रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. त्याआधी स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्कने १८४१ च्या सुमारास सुचवल्याप्रमाणे साबणाचे द्रावण घालून फेस टिकेपर्यंत बाटली हलवत बसावे लागे.

वाघोलीत बोअर आणि टँकर का, हे कळायला पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. पेशवाईत कात्रजचे तलाव व भुयारी नळ झाले, १८७९ मध्ये खडकवासला धरण पुरे झाले, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पुढे वरसगाव व टेमघर या धरणांची भर पडली, आणि २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे महापालिकेत आली. या गावांत इमारती मात्र जलवाहिन्यांच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या, म्हणून बोअर आणि टँकर आले.

कठीणपणाचे मूळ याहून पुष्कळ जुने आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. त्या बेसाल्ट खडकात कॅल्शियम पुरवणारे प्लॅजिओक्लेज आणि मॅग्नेशियमही पुरवणारे पायरोक्सीन ही खनिजे भरपूर असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्ल बनते आणि मुरुमातून, भेगांतून उतरताना या खनिजांना सावकाश झिजवते. सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि ते पाणी खडकाशी फारशी ओळख होण्याआधीच धरणात पोचते, म्हणून ते मृदू राहते. पूर्वेकडे पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, मातीत चुनखडीचे खडे, आणि शेकडो फूट खोल बोअरचे पाणी दीर्घकाळ खडकात मुरलेले, म्हणून ते जड होते.

हेच पाणी खडकात काय घडवते, हे पाहायचे तर वाघोलीच्या दगडखाणींकडे वळले पाहिजे. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या; पुढे ऊन पाणी खडकातून फिरत राहिले, त्याने बेसाल्टमधून कॅल्शियम, ॲल्युमिनियम व सिलिका विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडली, आणि तिथे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट अशी झिओलाइट गटातील खनिजे वाढली. खडी फोडताना एखादा काळा धोंडा उकलतो आणि आत पांढऱ्या-मोतिया स्टिलबाइटच्या पाकळ्यांवर कॅव्हन्साइटचे गर्द निळे, सुयांच्या गोळ्यासारखे स्फटिक बसलेले दिसतात. कॅव्हन्साइट स्वतः झिओलाइट नव्हे. ते कॅल्शियम व व्हॅनेडियमचे सिलिकेट आहे. त्याची प्रथम नोंद अमेरिकेतील ओरेगन राज्यात झाली, परंतु जगभरच्या संग्राहकांनी डोक्यावर घेतलेले नमुने वाघोलीचे आहेत. ज्या गावाच्या नावाने एक निळे खनिज जगभर ओळखले जाते, त्या गावाने त्याचे एखादे दालन उभारावे ही अपेक्षा फार मोठी नाही. तूर्तास दख्खनची झिओलाइटे पाहण्यासाठी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची वाट धरावी लागते.

झिओलाइटांचा पाण्याशी दुसराही संबंध आहे. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेट याने १७५६ मध्ये असे खनिज तापवले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले, कारण त्याची घडण मधाच्या पोळ्यासारखी पोकळ असून त्या पोकळ्यांत पाणी आणि सैल बसलेले धातूंचे आयन असतात. हे आयन अदलाबदल करतात, हे एकोणिसाव्या शतकात आइखहॉर्न या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स याने सोडियमयुक्त कृत्रिम झिओलाइटातून पाणी नेऊन ते मृदू करण्याची रीत काढली. मग वाघोलीच्या खडकातील झिओलाइटांमधून येणारे पाणी आपोआप मृदू का होत नाही? कारण ही खनिजे मुख्यतः कॅल्शियमनेच भरलेली आहेत. कॅल्शियमच्या बदल्यात द्यायला लागणारे सोडियम त्यांच्यापाशी फारसे नाही. खाणीतील स्टिलबाइट आणि गिझरमधील थर, दोन्ही बेसाल्टमधून पाण्याने वाहून आणलेल्या कॅल्शियमचीच ठेव आहेत.

आजच्या सॉफ्टनरमध्ये झिओलाइटाच्या जागी रेझिनचे बारीक मणी असतात, परंतु व्यवहार तोच चालतो, आणि त्याचा हिशेब क्वचितच कोणी रहिवाशांपुढे ठेवतो. १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढताना पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम उतरते. म्हणजे ५०० चे पाणी पूर्ण मृदू केल्यास लिटरमागे २३० मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही. शिवाय मणी ताजे करण्यासाठी ओतलेल्या मिठाचे खारे पाणी सांडपाण्यातून ओढ्याला किंवा पुन्हा जमिनीत जाते. तेव्हा सॉफ्टनर गिझर, धुण्याचे यंत्र आणि न्हाणीघरापुरता ठेवावा. स्वयंपाकघराची वाहिनी वेगळी असणे शहाणपणाचे.

पिण्यापुरते पाहिले, तर जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याधारित मर्यादा घातलेलीच नाही, कारण हे दोन्ही धातू शरीराला हवेच असतात. खरा धोका चवीला कळत नाही. सेप्टिक टाकीच्या झिरपण्यातून किंवा खतांतून येणाऱ्या नायट्रेटला मानकात ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कसलीही सवलत नाही, आणि जंतू तर पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) दाखवणाऱ्या मीटरच्या गावीही नसतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी या भागांत गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. अशा वेळी मीटरवरचा १५० हा आकडा काहीच हमी देत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ शुद्धीकरण यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, कारण ही यंत्रे बरेच पाणी गटारात सोडतात.

म्हणून संकुलाने यंत्राचे दरपत्रक मागवण्याआधी प्रत्येक बोअरचा आणि टँकरचा नमुना वेगवेगळा तपासून घ्यावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. अहवालात एकूण कठीणपणा, त्यातील तात्पुरता भाग, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जिवाणू हे चारही रकाने भरलेले असावेत, आणि टाकीतल्याच नव्हे तर शेवटच्या मजल्यावरच्या नळातल्या पाण्यातही जंतुनाशनासाठी घातलेले मुक्त क्लोरिन प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम उरते की नाही हे पंप चालवणाऱ्या माणसाने रोज पाहून वहीत लिहावे.