ब्राउझरला सांगा, हे मराठी आहे

आजच्या भागात पाच छोटे स्निपेट्स बघू. एकालाही वेगळी लायब्ररी लागत नाही, सगळं ब्राउझरमध्ये आधीपासून आहे. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच ते रोमनमध्ये करायचे.

मी भिलाईजवळ रिसालीत काम करतो. भिलाई स्टील प्लांटमुळे या भागात देशभरातून माणसं आली, त्यांत मराठी घरंही आली. त्यामुळे इथे पान बनवताना मजकूर हिंदी आणि नावं मराठी, असं नेहमीच होतं. दोन्हींची लिपी एकच. माणूस वाचून फरक ओळखतो, ब्राउझरला मात्र तो सांगावा लागतो. तुम्ही इंदूरला, बडोद्याला किंवा बेळगावात असाल तरी हेच. नाही सांगितलं तर एरर येत नाही, पान छान दिसतं. फक्त कुणाचं तरी आडनाव अर्धवट छापलं जातं किंवा शोधात सापडत नाही.

१. भाषेचा शिक्का

एचटीएमएल टॅगवर लँग हे ॲट्रिब्युट असतं. मराठीचा कोड एम-आर, हिंदीचा एच-आय. तयार टेम्प्लेटमध्ये बहुतेक वेळा इंग्रजीचा ई-एन असतो आणि तो तसाच राहून जातो. पान हिंदी असेल आणि एकच परिच्छेद मराठी असेल, तर त्या परिच्छेदाच्या टॅगवर लँग बरोबर एम-आर लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेचा आवाज निवडायचा ते कळतं.

याच शिक्क्यावर सीएसएस बांधता येतं. कोलन लँग, कंसात एम-आर, असा सिलेक्टर लिहा. त्यात लेटर-स्पेसिंग नॉर्मल ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट १.६ च्या आसपास घ्या, म्हणजे वरच्या-खालच्या मात्रा आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत.

२. अक्षरं मोजणं

‘रिसाली’ या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू ३. जावास्क्रिप्टची लेंग्थ म्हणते ६, कारण वेलांट्या आणि काना वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर १८ बाइट. आता स्लाइस वापरून पहिले ५ घेतले, तर ‘रिसाल’ उरतं. शब्द शुद्ध दिसतो, पण गाव बदललं. जोडाक्षर मधेच कापलं, तर हलन्त लोंबकळत राहतो.

उपाय आहे इंटल डॉट सेगमेंटर. त्याला भाषा एम-आर आणि ग्रॅन्युलॅरिटी ग्राफीम द्या. परत आलेल्या तुकड्यांची संख्या मोजा आणि कापायचं तर तुकड्याच्या सीमेवरच कापा. २०२४ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये हे चालतं. ‘क्ष’सारखं जोडाक्षर एकसंध मोजण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला. त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये ‘क्षत्रिय’ची अक्षरं ३ ऐवजी ५ येऊ शकतात.

३. दऱ्या आणि दर्या

हा सगळ्यांत महत्त्वाचा. गोऱ्हे, कऱ्हाड, दऱ्या यांतला अर्धा र कीबोर्डप्रमाणे वेगवेगळ्या तऱ्हेने साठवला जातो. कुठे ‘ऱ’ आणि हलन्त, कुठे र, नुक्ता आणि हलन्त, तर कुठे र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. डोळ्यांना तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तिन्ही वेगळे.

नॉर्मलाइझ, कंसात एनएफसी, एवढं केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी एक ओळ जोडा: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हा क्रम दिसला की तिथे ‘ऱ’ आणि हलन्त ठेवा. हे फंक्शन डेटाबेसमध्ये नाव साठवताना वापरा आणि शोधतानाही वापरा. फक्त एकाच बाजूला वापरलं तर उपयोग नाही.

बरेच जण न दिसणारी चिन्हं सरसकट पुसणारा स्निपेट वापरतात. देवनागरीत तो घातक आहे. झेडडब्ल्यूजे पुसला की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना दिलेली सूचना आचार्यांना जाते!

४. आकडे

इंटल डॉट नंबरफॉरमॅटला एम-आर-आय-एन दिलं की १२,३४,५६७ असा लाख-कोटींचा स्वल्पविराम आणि देवनागरी अंक मिळतात. हिंदीचा कोड दिला तर स्वल्पविराम तोच, अंक मात्र रोमन. मराठीतही रोमन अंक हवे असतील तर कोडच्या शेवटी यू-एनयू-लॅटन जोडा.

उलटा प्रवास आपल्याला करावा लागतो. नंबर फंक्शनला देवनागरी अंक दिले तर नॅन येतं. देवनागरी शून्याचा कोड पॉइंट २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या कोड पॉइंटमधून २४०६ वजा करा, झाला आकडा. फॉर्ममध्ये इनपुटचा टाइप टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक ठेवा.

५. यादीचा क्रम

साधं सॉर्ट कोड पॉइंटप्रमाणे चालतं. त्यात ‘कळ’ हा शब्द ‘कवी’च्या आधी येतो आणि ‘क्षमा’ क मध्ये जाऊन बसते. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर. इंटल डॉट कोलेटरला एम-आर देऊन त्याचं कम्पेअर सॉर्टला द्या.

आता कामाची पद्धत. हे पाचही तुकडे व्हीएस कोडच्या यूझर स्निपेट्समध्ये टाका आणि सगळ्यांच्या नावाची सुरुवात एम-आर ने करा, म्हणजे दोन अक्षरं टाइप करताच यादी समोर येईल. सोबत चाचणीची एक फाइल ठेवा: रिसाली, क्षत्रिय, दऱ्या, दर्या, गोऱ्हे तिन्ही प्रकारांनी, कवी, कळ, आणि १२,३४,५६७. साइट लाइव्ह करण्याआधी हे शब्द प्रत्येक फॉर्ममध्ये भरा, साठवा, शोधा, छापा. पाच मिनिटं लागतात. इंग्रजी नावांनी केलेल्या चाचणीत यातली एकही चूक सापडत नाही.

आज एवढंच करा: तुमच्या चालू प्रोजेक्टचं पहिलं पान उघडा आणि लँगपुढे काय लिहिलंय ते बघा. भेटू पुढच्या भागात.